बोक्याची चानकी

जुळे सोलापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या आधी एका मावशींचा नंबर होता. बोलण्यावरून सांगोल्याकडच्या वाटल्या. टोपलीत त्यांचा बोका, त्याच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. माझं मांजर कालपासून जेवलं नव्हतं आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"किडनी खराब झालीय, मावशी. दूध-भाकरी बंद. हे पाकिटातलंच द्यायचं," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी पटकन बोक्याच्या दोन्ही कानांवर हात ठेवले. "त्याच्यासमोर नका की बोलू!"

डॉक्टर हसले नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

"पाकिटातलं त्यो हुंगत बी न्हाय. परातीत उरल्या पिठाची एवढीशी चानकी थापते त्याच्यापुरती. दुधात कुस्करली की तेवढी खातो."

"त्यानंच आजार वाढतोय."

"वाढंल की. पर आजारानं गेला तर देवानं न्येला म्हणीन. उपाशी गेला तर काय म्हणू?"

मला रागच आला. एवढं समजावून सांगतायत, तर ऐकावं ना! डॉक्टरांनी पाकीट पुढे केलं. ते घ्यायचं तर कानांवरचे हात काढावे लागणार होते, आणि मावशी काही हात काढेनात. शेवटी डॉक्टरांनीच ते टोपलीत ठेवलं.

मग माझा नंबर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला. ते बोलायच्या आत माझे दोन्ही हात मांजराच्या कानांवर गेले होते.