धाऊचा पोर गोल्डवरून उतरला

धाऊ हरड कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या अंगाला त्याचं गाव. गावात भाताची गिरणी आली तेव्हा हा आपल्या गोणीपाशी शेवटचा दाणा पडेस्तोवर उभा राहायचा आणि मग वाकून गिरणीच्या पोटाखाली बघायचा. जीपवाला ‘एकच सीट बाकी’ म्हणाला की हा खाली उतरून डोकी मोजायचा. दिवाळीला जावयानं जरा मोठा मिठाईचा पुडा आणला, तर जावई परत जाईपर्यंत धाऊच्या डोक्यात एकच, एवढी कशाला आणली असेल? त्याची बायको रंभा अशा प्रश्नांना उत्तर द्यायची नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिनं ते सोडून दिलं होतं.

बरं, ज्याच्यावर संशय त्याला तोंडावर विचारील तर तो धाऊ कसला. विचारलं की समोरचा सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं, असं त्याचं मत. त्यापेक्षा गप्प बसून बघावं. तो बघत बसायचा, आणि जे दिसेल त्याचा अर्थ आपल्या मनानं लावायचा. आयुष्याची निम्मी वर्षं त्यानं अशी बघण्यात घालवली.

त्याला एकुलता एक मुलगा, अनिल. आयटीआय करून मुरबाडच्या एमआयडीसीत लागला. त्याची कंपनी पुड्या भरायची मशीनं बनवायची, मसाल्याच्या, बिस्किटांच्या, शॅम्पूच्या. मशीन गिऱ्हाइकाकडे गेलं की मागोमाग ते बसवून चालू करून द्यायला माणूस लागायचा, आणि अनिलचा हात त्यात चांगला बसला होता. आधी तो रेल्वेनं जायचा. पुढे दोन हजार सालानंतर कंपनी त्याला विमानानं धाडायला लागली. आज गुवाहाटी, परवा कोइमतूर. घरी यायचा तो सकाळी, कल्याणहून एसटीनं, विमानातली बडीशेप खिशात घेऊन.

दोन हजार चार साली विमान कंपनीनं त्याला गोल्ड केला. म्हणजे एक कार्ड आलं सोनेरी, आणि बॅगेला बांधायला एक सोनेरी पट्टी. अनिलनं घरी सांगितलं, की आता त्याची रांग वेगळी, सामान जास्त चालतं आणि विमान यायच्या आधी सोफ्यावर बसवून फुकट खायला घालतात.

“फुकट?” धाऊ म्हणाला. “कुणी फुकट खायला घालतो व्हय? कुठंतरी वसूल करीत असतील.”

“नाय रे बाबा. जो लय वेळा जातो त्याचा मान ठेवतात.” अनिलला बापाला कसं समजवावं ते कळेना, म्हणून त्यानं जवळचं उदाहरण दिलं. “आपल्याकडं जत्रेचा पहिला नारळ आपला असतो ना? तसंच समज. मानाचंच हाय ते.”

इथेच सगळं बिघडलं. पण ते त्या दिवशी दोघांनाही कळलं नाही.

गावदेवीच्या चैत्रातल्या जत्रेत पहिला नारळ हरडांनी फोडायचा, ही पिढ्यांची रीत. मान बापाकडून मुलाकडे जायचा, तोही आपोआप नाही. बापानं गावकीसमोर, म्हणजे गावच्या जाणत्यांच्या बैठकीत, पुढच्याच्या हातात पानाचा विडा द्यायचा. ज्यानं विडा खाल्ला त्याचा मान, तो पुढे देईपर्यंत नाहीतर मरेपर्यंत. पूर्वी मान असलेला हरडांतला एक जण कित्येक वर्षं सुरतेला राहिला होता, जत्रेला कधी आला कधी नाही, तरी त्याचा मान कुणी काढला नव्हता. मान काढायचा तर गुन्हा लागतो. धाऊच्या आज्याच्या वेळी एका घराचा होळीचा मान काढला होता, त्या घरातल्या माणसानं देवीच्या दानपेटीला हात घातला म्हणून. त्या घराला आजही लोक त्याच नजरेनं बघतात.

तेव्हा गोल्ड म्हणजे मान, हे एकदा डोक्यात बसल्यावर धाऊचा सगळा संशय विरघळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कशावर तरी पुरता विश्वास ठेवला. अनिल घरी असला की त्याचं कार्ड तो मागून घ्यायचा आणि देव्हाऱ्यात ठेवायचा. घरी येणाऱ्याला पाणी देण्याआधी कार्ड दाखवायचा. कमळू म्हणून शेजारच्या गावचा एक जण अनिलच्या कंपनीत गेटवर होता, त्याला तर धाऊनं भर बाजारात थांबवून विचारलं, “तुमच्या सायबाला तरी हाय का गोल्ड?”

पुढच्या वर्षी धाऊच्या पोटाचं ऑपरेशन झालं. कल्याणला दवाखान्यात राहावं लागलं, मग घरी आला, जखम चिघळली, पुन्हा कल्याण. पावसाळा सगळा खाटेवर गेला. अनिल घरीच असायचा. उचलायला, न्हाऊ घालायला, जीप ठरवून ड्रेसिंगला न्यायला. धाऊ खाटेवरूनही बघतच होता. पोरगा कामावर का जात नाही? डॉक्टर आपल्याला सोडून त्याच्याशीच का बोलतो? एकदा त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं, तेव्हा अनिल म्हणाला, “कंपनीत काम कमी हाय सध्या. बाहेरगावच्या ऑर्डरीच नायत.” धाऊनं ते तेवढ्यापुरतं मानलं. मग तो बरा झाला आणि शेतावरही जायला लागला.

दोन हजार सहाच्या शिमग्याला अनिल टूरवरून आला, आणि धाऊची नजर बॅगेवर गेली. पट्टी सोनेरी नव्हती. राखाडी होती.

“ही कसली?”

“सिल्वर,” अनिल बूट काढत म्हणाला. “त्यांनी उतरवला मला. दर वर्षी बघतात ते. गेल्या साली उडालो कमी, म्हणून गोल्डचा सिल्वर केला.”

“कमी गेला म्हणून मान काढला?”

“नियमच हाय तसा.”

धाऊ हसला नाही, रागावलाही नाही. तो पट्टी उलटसुलट करून बघत बसला. कमी आला म्हणून मान काढतात? सुरतेवाल्याचा नाही काढला कुणी. देवीला जे पटतं ते विमानवाल्यांना पटत नाही होय? नियमाचं हे काहीतरी झाकायला सांगितलेलं आहे. पोरानं काहीतरी केलं आहे. विमानात, सोफ्यावर, फुकटच्या खाण्यात, कुठेतरी त्याचा हात घसरला आहे.

आता यात एक गोष्ट मोठी होती. धाऊचं पोट शिवलेलं, वाकून दगडावर नारळ आपटणं त्याला झेपेना. या चैत्रात विडा द्यायचाच होता, आणि तो अनिललाच, हे सगळं गाव धरून चाललं होतं. पण डागाळलेल्या हातानं नारळ फुटला आणि देवी कोपली तर? धाऊ काही कुणाला बोलला नाही. सकाळच्या एसटीनं मुरबाडला गेला आणि कंपनीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. बघायला.

त्यानं बघितलं ते असं, की कंपनीतून मशीनं भरलेले ट्रक एकामागून एक बाहेर पडत होते. गेटवर कमळू दिसला. धाऊनं त्याला चहा पाजला आणि सहज म्हणून विचारलं, “मधी काम लय कमी झालेला ना रे तुमचा?”

“कमी?” कमळू म्हणाला. “कोण बोलला? गेल्या साली तर जेवायला टाइम नव्हता. माणसं नुसती विमानात.”

“मग आमचा अनिल?”

“त्याच्या जागी वाशिंदचा एक पोरगा जायचा तवा. का ते सायबांना माहीत. आमी गेटवरची माणसं.”

धाऊ परतला तो घामाघूम होऊन. काम कमी नव्हतं, म्हणजे पोरगा खोटं बोलला होता. त्याला टूरवरून काढून दुसऱ्याला धाडत होते. विमानवाल्यांनी उतरवलं, कंपनीनंही बसवून ठेवलं. आता विचारायचं काय उरलं? सगळं लख्ख दिसत होतं. त्याला फार वाईट वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. गावदेवीच्या देवळापाशी तो थांबला आणि पोरासाठी डोळे पुसले.

गुढीपाडव्यानंतर देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. सावळाराम, गावकीतला सगळ्यांत वडीलधारा, मध्ये. अनिल नवा सदरा घालून बापाच्या शेजारी बसला होता. धाऊ विडा घेऊन उठला, अनिलसमोरून पुढे गेला आणि आपला पुतण्या सुनिल कोपऱ्यात बसला होता त्याच्या हातात दिला.

सुनिलला काही कळेना, तो विडा तसाच धरून चुलत्याकडे बघत राहिला.

“धाऊ,” सावळाराम म्हणाला, “पोरगा शेजारी बसलाय तुझा.”

“हाय. पण त्याचा मान बाहेर काढलाय. विमानवाल्यांनी बी काढला, कंपनीनं बी. काय केलं ते त्याला माहीत. आमच्या देवीला त्याच्या हातचा नारळ नको.” आणि सुनिलला म्हणाला, “खा.”

चुलत्याचा शब्द. सुनिलनं विडा खाल्ला. अनिलनं बापाकडे एकदा बघितलं. मग उठून ओट्यावरून उतरला आणि घरी गेला.

धाऊ घरी पोचला तेव्हा रंभा दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती. इतक्या वर्षांत ती नवऱ्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

“काय केलं त्यानं, विचारलंत कधी? तुमचं गू-मूत काढला, ते केलं त्यानं. तुमी खाटेवर झोपला होतात तवा सायेब घरी आलेला बोलवायला, टूरवर चल, नायतर दुसऱ्याला धाडतो बोलला. हा बोलला, धाडा. माझा बाबा उठेस्तोवर मी विमानात बसनार नाय. म्हणून उडाला कमी. म्हणून उतरवला त्याला.”

“मग काम कमी हाय, असं का बोलला मला?”

“तुमच्यामुळं. तुमच्यासाठी घरी बसलाय असं कळलं असतं, तर तुमी काय बोलला असता? डॉक्टरनं आशा सोडली, पोरगा लपवतोय, असंच बोलला असता ना? अन्न सोडलं असतंत तुमी. मला शपथ घातली त्यानं, बाबाला सांगू नको म्हणून.”

धाऊ खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट ऐकताक्षणी त्याला खरी वाटली. तिच्या मागे बघण्यासारखं काही नव्हतं. आत अनिल पाठमोरा बसून मशीनचा कसलासा भाग पुसत होता. धाऊ त्याच्यापर्यंत गेला आणि परत फिरला. आधी विडा परत आणायचा, मग तोंड दाखवायचं, असं त्याला वाटलं.

सावळाराम ओट्यावरच भेटला. धाऊनं सगळं सांगितलं. दवाखाना, साहेब, वाशिंदचा पोरगा, सगळं.

“मग विडा परत घेतो मी,” तो शेवटी म्हणाला.

“चावला त्यानं,” सावळाराम म्हणाला. “आता मान सुनिलचा. काढायचा तर त्याचा गुन्हा दाखव.”

“त्याचा काय गुन्हा? पोरानं चुलत्याचं ऐकलं.”

“मग?”

हा नियम धाऊनंच जन्मभर सगळ्यांना ऐकवला होता.

जत्रा झाली. सुनिलनं नारळ फोडला, एका घावात फुटला, देवी काही कोपली नाही. अनिल गर्दीत मागे उभा होता. बायका त्याच्याकडे बघून कानाशी लागत होत्या. दुसऱ्याच दिवशी तो टूरवर गेला. निघताना बापाच्या पाया पडला, धाऊनं “चुकला रे माझा” एवढंच म्हटलं, आणि तो “सोड ना बाबा” म्हणाला. विमानवाल्यांकडे पुन्हा खूप उडालं की पुन्हा गोल्ड होतं, असंही त्यानं सांगितलं. तिकडे तसं असतं.

मग धाऊ घरोघर फिरला. ज्या माणसानं कुणाला कधी काही समजावून सांगितलं नव्हतं तो दारोदार बसून सांगू लागला, की माझ्या पोरानं काही केलं नाही, माझ्या आजारपणापायी तो घरी बसला, चूक माझी. लोक ऐकून घ्यायचे. “हो का?” म्हणायचे. “असंल, असंल.” आणि मग त्याच्या तोंडाकडे न बघता अंगणातल्या कोंबड्यांकडे बघायचे. धाऊला ती नजर ओळखीची वाटायची. बाप आहे, झाकणारच, असं त्या नजरेत असायचं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांकडे असाच बघत आला होता.

बाजाराच्या दिवशी कमळू भेटला. धाऊनं त्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, अगदी गू-मूत काढल्याचंसुद्धा. कमळूनं मान हलवत हलवत ऐकलं. मग इकडे तिकडे बघून तो धाऊच्या कानाजवळ आला.

“ते झालं रे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण खरं काय केलेलं अनिलनं? मला तरी सांग. मी कुनाला नाय बोलनार.”