मोगऱ्याला दिलेला ताण

वनखात्याच्या ताब्यात अख्खं जंगल आहे. पण झाडाच्या बाबतीत अहेरीत शेवटचा शब्द आमच्या शेजारच्या गादीवाल्या चाचांचा, आणि त्यांच्याकडे झाड एकच आहे. अंगणातला मोगरा. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, त्यामुळे चाचा आणि मोगरा या दोघांच्या संसाराचा मी वीस वर्षांचा साक्षीदार. मोगऱ्यावर धूळ बसू नये म्हणून चाचा वाऱ्याची दिशा बघून कापूस पिंजायला घेतात; वारा फिरला की गिऱ्हाईक बसून. एका नवरदेवाची गादी अशी लग्नानंतर आठ दिवसांनी पोचली. कळीकडे बोट दाखवायची कोणाला परवानगी नाही. एका साहेबांनी कौतुकानं बोट रोखलं, तर चाचांनी ते हळूच मुडपलं. “साहेब, कळी शरमून गळते. मुठीनं दाखवा.” साहेबांनी मुकाट्यानं मूठ दाखवली. फुलं मात्र सगळी वाटून टाकतात, पहिली ओंजळ भिंतीवरून आमच्या देवाला. “घरी काहीच ठेवत नाही?” माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाले, “वास येते ना भाभी, फुकटचा. अजून किती पायजे?”

थंडी सरता सरता मात्र हा मायाळू माणूस दगडाचा होतो. मोगऱ्याचं पाणी तोडतो, पान न् पान ओढून काढतो. “ताण देल्याबिगर बहर येत नाई, बाबूजी. पाणी पाजत राह्यलं तर झाड पानातच खुश राह्यते.” हे मी दरवर्षी ऐकलं आणि कधी शिकलो नाही. मुलगा चंद्रपूरच्या वसतिगृहात रडला म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला परत आणणारा मी बाप.

गेल्या वर्षी चाचांच्या लेकीचं लग्न ठरलं. जावयाचा सेहरा याच मोगऱ्याचा होणार, हे ते लेक पाळण्यात असल्यापासून सांगत आलेले. म्हणून ताण जरा कडकच दिला. मला ते उघडंवाघडं झाड बघवेना. चाचा सकाळी नमाजाला गेले की मी भिंतीवरून तांब्याभर पाणी ओतायचो. रोज. पुढे मोगरा असा हिरवागार झाला, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. कळी मात्र एक आली नाही.

सेहरा चंद्रपूरहून विकत आला. मांडवात चाचा प्रत्येक पाहुण्याला आपणहून सांगत होते, “मीच जादा सतावलं त्याले. लालच केली.” मी शेजारी उभा राहून भात वाढत होतो.

यंदा चाचांनी पाणी तोडलंच नाही. “हात नाई चालून राह्यला, बाबूजी. पुन्हा मारीन त्याले.” तेव्हा मात्र राहवलं नाही. भिंतीपाशी उभं राहून सगळं सांगून टाकलं.

चाचा घरातल्या चाचीला ऐकू जाईल असं ओरडले, “ऐकलं काय वो? बहर मी नाई मारला! बाबूजीनं मारला!”

आता बोलणं बंद होणार, असं मला वाटलं. पण चाचा मोगऱ्यापाशी उकिडवे बसले आणि पानं काढू लागले.

“त्याले तहान लागली असं वाटलं तुमाले?”

“हो, चाचा.”

“मले बी वाटते. दरसाली.” त्यांनी वर पाहिलं नाही. “म्हणून त्या दिवसांत मी इकडल्या दारानं निघतच नाई. मागून जातो.”

त्यानंतर ताण सुटेपर्यंत मीही मागच्या दारानंच कचेरीत गेलो.