ईशाचा कान आणि दादाचं खातं

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून आल्याआल्या लिहितोय.

माझा आतेभाऊ अमेरिकेहून लंडनला, पिनरमध्ये काकांकडे आलाय, सोबत त्याची छोटी मुलगी ईशा. (मी मँचेस्टरची नोकरी सोडून सध्या काकांकडेच पडीक आहे, पण तो विषय वेगळा.) दोन-तीन दिवस ईशाचा कान ठणकत होता. आज सकाळी उशीवर पू दिसला.

"दादा, डॉक्टरकडे चल."

"होईल रे बरं. तेल घालू कोमट."

मग कारण कळलं. तिकडे अमेरिकेत आजारपणासाठी त्याचं वेगळं बचत खातं आहे, डॉक्टरचं बिल त्यातून जातं. पैसे वापरले नाहीत तर त्याचेच राहतात, वाढत जातात.

"ऊठसूट डॉक्टर केला तर खात्यात राहील काय? म्हातारपणासाठी ठेवलंय ते."

पोरगी कान धरून रडतेय आणि हा म्हातारपणाचं बोलतोय! शिसारी आली मला.

तिला उचललं आणि थेट वॉक-इन सेंटर गाठलं, वेळ न घेता तपासणारा इथला सरकारी दवाखाना. वाटेत तिला चिप्स घेताना बस चुकली, ते सोडा. दादा कुरकुरत मागे. नर्स म्हणाली, कानाचा पडदा फाटलाय, आधी का नाही आणलंत?

दादाने हळूच मला विचारलं, "बिल कुठे भरायचं?"

"इथे बिल नसतं."

त्याचा चेहरा असा खुलला! "मग माझा गुडघा पण दाखवून घेऊ का? आलोच आहोत तर?"

तोंडात आलेली शिवी गिळली आणि ईशाला कडेवर घेतलं.

रविवारी दोघं परत जातील. मला सांगा, तिथे ईशाचा कान दुखला तर तिला उचलून कोण नेणार?