बांगडे साफ करणाऱ्या बाबांची क्लिप

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. पिंपळ, पांढरी साडी, मागून आलेली हाक... वाचायचं आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या जिग्नेशला वाचून दाखवायचं. माझा धंदाच असा आहे की जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं आम्ही धरून चालतो. मी टेस्टर आहे. त्यामुळे आज इथे मीच लिहितेय याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय. पण झालं ते झालं. आणि चांगलं झालं, म्हणून लिहिते.

ऑफिस अंधेरी ईस्टला. कम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणारं जे सॉफ्टवेअर असतं ना, ग्राफिक्स ड्रायव्हर, ते आमची टीम तपासते. त्यातही माझ्याकडे एकच काम. तुम्ही मोबाइलवर विकतचा सिनेमा बघताना स्क्रीनशॉट काढून बघा... सिनेमाच्या जागी काळा चौकोन येतो. कोणी चोरू नये म्हणून तो काळा केलेला असतो. तो नीट काळा होतोय की नाही, हे मी दिवसभर बघते. पडद्यावर सिनेमा दिसला पाहिजे आणि कॅप्चरमध्ये, म्हणजे पडद्याच्या काढलेल्या फोटोत, काळं आलं पाहिजे. काळं आलं की पास. "आमचा चेडू काळा बघूचो पगार घेता," असं बाबा अख्ख्या सोसायटीत सांगतात. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

पण नुसतं काळं बघून भागत नाही. कॅप्चर करणारा प्रोग्रामच बिघडला असेल तर सगळंच काळं येईल, आणि आपण येड्यासारखे पास-पास करत बसू. म्हणून शेजारच्या खिडकीत एक साधी, कुलूप नसलेली क्लिप लावून ठेवायची. ती कॅप्चरमध्ये दिसलीच पाहिजे. तिला आम्ही कंट्रोल क्लिप म्हणतो. तिच्यावर कोणाचा हक्क असायला नको, म्हणून ज्याने त्याने आपल्या घरचीच आणायची, असा आमच्या टीमचा रिवाज. जिग्नेशच्या क्लिपमध्ये त्याच्या घाटकोपरच्या गच्चीवरचे पतंग आहेत. माझ्या क्लिपमध्ये बाबा.

चारकोपच्या आमच्या घरातला ओटा. बाबा बनियनवर उभे राहून सिंकमध्ये बांगडे साफ करतायत. मध्येच मान वळवून म्हणतात, "माका कित्याक काढतंस गो? बांगड्यांचो फोटो काढ!" एवढीच क्लिप, फिरून फिरून लागते. टीममध्ये सगळ्यांना पाठ झालीय. घाटकोपरचा गुजराती मुलगा लिफ्टमध्ये मला "बांगड्यांचो फोटो काढ" म्हणतो, यावरून काय ते समजा.

बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टोअर सांभाळलं, आता रिटायर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमचं कशावरूनही वाजतं, पण राखणदारावरून जास्त. गावाला आमच्या वाडीच्या वेशीवर राखणदाराची जागा आहे, बाबा दरवर्षी तिथे नारळ ठेवायला जातात. "तो गाव राखतो ना? मग चारकोपला कसा येणार, हायवेने?" असं मी चिडवायची. "हास, हास," म्हणून बाबा पेपर वर करायचे.

तर तो बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे मासे म्हणजे मासेच. मी निघाले तेव्हा बाबा पिशवी घेऊन बाजाराच्या वाटेला लागले होते.

अकराच्या चहानंतर मी नवीन ड्रायव्हर टाकला, दोन्ही खिडक्या लावल्या, कॅप्चर घेतला. डावीकडे सिनेमाच्या जागी काळा चौकोन. बरोबर. उजवीकडे ओटा, सिंक, बांगडे, खिडकीतलं फडकं... सगळं स्वच्छ. फक्त बाबांच्या जागी काळं.

पडद्यावर बाबा व्यवस्थित दिसत होते. कॅप्चरमध्ये नव्हते.

खरं सांगू? मला आनंद झाला. असा बग, अशी चूक अजून कोणालाच सापडली नव्हती. "जिग्नेश, इकडे ये रे, माझा बाप गायब झालाय!" मी हसत ओरडले.

तो आला, वाकून बघितलं. "झकास! पण यार, शेप बघ ना... हा चौकोन नाहीये."

तेच तर. ड्रायव्हरला माणूस कळत नाही, खिडकी कळते. काळी करायची तर तो अख्खी खिडकी काळी करणार. इथे काळं होतं ते डोक्यावरून गुडघ्यापर्यंत, बाबांच्या अंगापेक्षा ढगळ, आणि खालची कड वाकडीतिकडी. पायांच्या पोटऱ्या मात्र दिसत होत्या.

मग सवयीने कामाला लागले. स्क्रीन रेकॉर्ड केली. त्यात आवाज नीट आला, "माका कित्याक काढतंस गो?" — आणि बोलणारा माणूस नाही. अंगावर पहिला काटा तेव्हा आला. जिग्नेशच्या मशीनवर जुना ड्रायव्हर होता, तिथे लावून बघितलं. त्याचे पतंग दिसले, माझे बाबा काळे. शेवटी मी ड्रायव्हरच काढून टाकला. आता मशीनला कुठलीच गोष्ट झाकता येणं शक्य नव्हतं. कुलूप लावणारंच कोणी नाही म्हटल्यावर सिनेमा लागलाच नाही, लागणारही नव्हता. क्लिप लागली. कॅप्चर घेतला... तेच काळं, तसंच ढगळ.

जिग्नेशचं हसू गेलं होतं. "तू घरी फोन कर," तो म्हणाला.

"का पण?"

"मला नाही माहीत. कर ना बाई तू."

बाबांचा एक नियम आहे. हात माशाचे असताना फोनला शिवायचं नाही. फोन टीव्हीपाशी वाजत राहतो आणि ते सिंकपाशी उभे राहून त्याला शिव्या घालतात. दोनदा पूर्ण रिंग गेली. नेहमीचंच होतं, पण या वेळी मला वाट बघवेना. मी समोरच्या सावंत काकूंना फोन लावला.

"काकू, बाबांना बाहेर बोलवा. आत्ता. बेल वाजवा, दार बडवा, काहीही करा."

"अगो पण झाला काय?"

"काकू, प्लीज!" मी रडायला लागले होते. कशासाठी, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

फोन तसाच चालू होता. काकूंच्या चपलांचा आवाज, मग बेल, पुन्हा बेल, मग दाराची कडी. लांबून बाबांचा आवाज आला, "काय हो वयनी, हात माशाचे आसत माझे!"

"तुमचा चेडू रडतासा. घ्या, बोला."

"काय गो? काय झाला?"

"बाबा, तुम्ही कुठे उभे आहात?"

"कुठे म्हणजे? दारात! मांजर शिरात आता आतमध्ये, बांगडे सगळे..."

आणि धाडकन आवाज झाला. फोन खाली आपटल्याचा वेगळा आवाज मला ऐकू आला. काकू किंचाळल्या. मग काहीच नाही. मी "बाबा, बाबा" करत होते, अख्खा फ्लोर माझ्याकडे बघत होता, आणि मला कोणी दिसत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात होती... मला दुसरं कोणी नाही.

मग लांबून आलं, "आवशीचो घो!"

बाबा शिवी घालतायत म्हणजे बाबा ठणठणीत आहेत. मी तिथेच खुर्चीत बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. जिग्नेशने माझ्या हातातून फोन घेतला आणि काकूंकडून काय झालं ते विचारून घेतलं.

स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर पडलं होतं. वरच्यांच्या बाथरूममधून तिथे किती तरी दिवस ओल येत होती. वरचे म्हणत होते बघू, सोसायटी म्हणत होती पाऊस संपला की करू, आणि आम्हीही बरं म्हणत होतो. पडलं ते नेमकं सिंकवर. घरी जाऊन बघितलं तर ओट्याचा कडप्पा मधोमध तुटला होता, आणि बाबा रोज जिथे उभे राहतात तिथे माझ्या गुडघ्याएवढा ढीग. मी त्या ढिगाकडे फार वेळ बघू शकले नाही.

बाबा काकूंकडे चहा पीत बसले होते. मला बघून पहिलं वाक्य, "बांगडे गेले गो." मी त्यांना मिठी मारली. बनियनला माशाचा वास येत होता. देवा शप्पथ, इतका चांगला वास मी आयुष्यात घेतलेला नाही.

जिग्नेश सोबत आला होता. त्यानेच सगळं सांगितलं, मी बाबांचा हात धरून बसले होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं, "काळा ह्या कसा होता?"

मी हाताने दाखवलं. डोक्यावरून, असं खाली, गुडघ्यापर्यंत. ढगळ.

बाबांनी आणि काकूंनी एकमेकांकडे बघितलं. "घोंगडी," काकू हळूच म्हणाल्या.

आमच्या गावाकडे राखणदाराला कोणी नीट बघितलेलं नाही, पण सगळे सांगतात ते एकच. हातात काठी, आणि अंगावर काळी घोंगडी. वाट चुकलेल्याला त्याच घोंगडीखाली घेऊन घरी सोडतो म्हणे. मी हे लहानपणापासून ऐकलंय आणि लहानपणापासून उडवून लावलंय. त्या क्षणी मला एकही जोक सुचला नाही. सुचला तो बाबांनाच. "घातल्यान माझ्या आंगार," ते कपाळाला हात लावून म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "ईलो मरे, तुझ्या हायवेन!"

दुसऱ्या दिवशी बग नोंदवायचा म्हणून मी ते कॅप्चर उघडले. सगळ्यांत बाबा होते. रेकॉर्डिंगमध्येही होते, मान वळवत होते, फोटो काढ म्हणत होते. काळं कुठेच नाही. जिग्नेश माझ्या शेजारी उभा होता, त्यानेही आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तो सरळ चहा आणायला गेला.

तेव्हापासून डोकं खाजवतेय. मेमरीत गडबड? एका मशीनवर मानलं, पण दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या ड्रायव्हरवर, आणि ड्रायव्हर नसतानाही तेच? आणि सेव्ह झालेली फाइल आपोआप दुरुस्त कशी होते? आमच्या टीम लीडने दोन दिवस प्रयत्न केला, शेवटी "पुन्हा दिसला नाही" असा शेरा मारून बग बंद केला. एरवी कोणी माझा बग असा बंद केला तर मी भांडते. या वेळी थँक्यू म्हटलं.

उत्तर बाबांकडे आहे, पण ते बगच्या रिपोर्टात लिहिता येत नाही. यंदा गावाला वेशीवर नारळ मात्र मी ठेवला. बाबा बाजूला उभे राहून गालात हसत होते.

छत नवीन झालं, ओटाही. क्लिप तीच ठेवलीय, टीममधले बदल म्हणाले तरी बदलली नाही. रोज सकाळी पहिला कॅप्चर घेते आणि सिनेमाचं काळं बघायच्या आधी उजवीकडे बघते. बाबा असतात. बनियनवर, माशाच्या हातांनी. मान वळवून रोज सांगतात, बांगड्यांचो फोटो काढ. मी रोज त्यांचाच काढते.