हाफ मार्जिनवर आलेली नावं

चौथं नाव वाचलं आणि हातातली लाल-निळी पेन्सिल टेबलाखाली गेली.

नंदलाल, सांगानेर, कापडाची फेरी. पुढे दरमहा चाळीस रुपये. त्यापुढे काम: बाडमेरकडच्या सीमेवरच्या गावांतून चोरटा माल कोण आणतं-नेतं, त्याची खबर.

अहो, हे तर आमचे नंदलालजी! महिन्या-दोन महिन्यांनी छापील चादरींचं गाठोडं घेऊन घरी यायचे. आमच्या हिला ‘बहनजी’ आणि मला ‘बाबूजी’ म्हणायचे. थोरलीच्या बारशाची दुपटीसुद्धा त्यांच्याकडचीच. आणि हा माणूस सरकारचा खबऱ्या? त्यात ही यादी मागवली होती मीच.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या ऑफिसात मी साताऱ्याहून जयपूरला बदलून आलो होतो. खात्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाल्यामुळे चांगलाच शेफारलेला होतो.

सरकारी पैसा कसा फिरतो ते थोडक्यात सांगतो. दर वर्षी प्रत्येक मंत्रालय लोकसभेपुढे आपली डिमांड मांडतं, म्हणजे अमुक कामासाठी इतके पैसे द्या. सभेने होकार दिला की पैसा सुटतो, तोही एका वर्षापुरता. देशाच्या आतली सुरक्षा सांभाळणारी खाती गृहखात्याच्या डिमांडवर चालतात. तो पैसा खाली झिरपत जयपूरसारख्या ऑफिसांत पोचतो. ज्या कामाला दिला त्याच कामाला गेला का, हे बघायला आमच्यासारखे खडूस लोक बसवलेले असतात.

अशाच एका सुरक्षा खात्याच्या जयपूर ऑफिसची बिलं माझ्याकडे आली. जीपचं पेट्रोल, गणवेश, भाडं, सगळ्याला व्हाउचर होतं, म्हणजे पैसे घेणाऱ्याची सही. एकाच बिलावर फक्त एक ओळ: ‘गुप्त सेवा’. खाली त्यांच्या साहेबाचा दाखला, की रक्कम योग्य कामी खर्च झाली. संपलं! माझं डोकंच सणकलं. सुतळीच्या तोड्याची पावती मागणारा मी, असलं बिल सोडतोय होय?

आमच्याकडे हाफ मार्जिनची पद्धत होती. कागद उभा दुमडायचा, डाव्या अर्ध्यात आपण प्रश्न लिहायचा, उजवा कोरा सोडायचा. समोरच्या ऑफिसने उजवीकडे उत्तर लिहून तोच कागद परत पाठवायचा. मी डावीकडे ठणकावून लिहिलं, ‘पैसे घेणाऱ्यांची नावं, गाव, काम आणि रक्कम कळवावी.’

तिथले साहेब दौऱ्यावर होते. हेडक्लार्क नवा, ऑडिट म्हटलं की चळाचळा कापणारा. त्याने साहेबांच्या कपाटातली वही काढली आणि उजवी बाजू मोत्यासारख्या अक्षरात भरून टाकली. नऊ नावं. साधा लिफाफा, साधी डाक.

मी कागद घेऊन आमच्या साहेबांकडे, माथुरसाहेबांकडे धावलो. ते शांत गृहस्थ. कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पोतनीसजी, ये क्या मँगवा लिया आपने?”

“व्हाउचर नव्हती, सर.”

“नसतातच! नियम वाचला नाहीत? या एका ओळीला साहेबाचा दाखला पुरतो. अहो, लोकसभासुद्धा ही नावं विचारत नाही. आकडा मंजूर करते. कित्येक डिमांड तर शेवटच्या दिवशी चर्चेविना एकगठ्ठा मताला जातात. निवडून आलेले लोक जे विचारत नाहीत, ते तुम्ही हाफ मार्जिनवर विचारलंत?”

खरं तर तेवढ्यातही वाटून गेलं, की का नाही विचारत? पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

“कागद किती हातांतून आला?”

मी चौकशी केली. आवक क्लार्कने लिफाफा फोडून शिक्का मारला होता आणि इमानेइतबारे रजिस्टरात लिहिलं होतं, ‘यादी, नऊ नावं’. मग दफ्तरी, दोन शिपाई, सेक्शनचे तीन क्लार्क. परवापासून कागद ट्रेमध्ये उघडा पडून होता. साहेब आणि मी सोडून सात माणसं. एकाने तर मलाच सांगितलं, “एक नाम तो अपने सांगानेर का है, बाबूजी.”

माथुरसाहेबांनी कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि स्वतः टांग्यात बसून त्या ऑफिसला नेऊन दिला. जाताना मला म्हणाले, “घरी एक अक्षर नाही.”

रविवारी नंदलालजी आले. गाठोडं सोडलं.

“बहनजी, जो लेना है आज ही देख लो. कल बाडमेर की तरफ निकल रहा हूँ. होली के बाद आऊँगा.”

हिने निळ्या बुट्ट्यांची चादर काढली आणि चहा टाकायला आत गेली. माझी नोकरी गेली तर जाऊ दे, म्हटलं.

“मत जाइए, नंदलालजी.”

ते चादरीची घडी घालत होते. हात थांबला. “आप हिसाब के दफ्तर में हैं ना, बाबूजी?”

मी मान हलवली.

“कितनों ने पढ़ा?”

मी बोटं दाखवली, सात. साहेब आणि मी वेगळे, ते त्यांनी धरलंच असणार.

घडी पुरी करून ते म्हणाले, “जाना तो पड़ेगा. हर साल जाता हूँ. इस बार नहीं गया तो उधरवाले समझ जाएँगे.”

माझ्यावर ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, “अच्छी बनी है, बहनजी,” म्हणाले आणि गाठोडं खांद्यावर टाकून गेले.

होळी झाली. ही दोनदा म्हणाली, “नंदलालजी आले नाहीत हो अजून.” मी म्हटलं, “येतील.”

पुढच्या महिन्याचं बिल आलं. तीच एक ओळ, तोच दाखला. रक्कम मात्र चाळीस रुपयांनी कमी. मी तीनदा वजाबाकी केली. त्यांनी काम सोडलं, त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं, की आणखी काही झालं, ते एका ओळीत कुठून दिसणार?

विचारणं ही माझी नोकरी होती. उत्तर कोणाच्या जिवावर येईल, हे आधी बघणंही नोकरीतच बसत होतं. ते मला कोणत्याच परीक्षेत आलं नव्हतं.

मी हाफ मार्जिनचा कागद दुमडला. डावीकडे लिहिलं, ‘रक्कम कमी होण्याचं कारण कळवावं.’ मग तो कागद फाडला आणि बिल पास केलं.