ठशाच्या पाठीवरचं कुंकू

दगडाची घड्याळं करायची ही कल्पना सरांची. कल्पना त्यांना सुचायच्या आणि निस्तरायच्या मी, अशी आमच्या कारखान्यात वाटणीच होती.

सर म्हणजे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून कंटाळलेले आणि एके दिवशी नोकरी सोडून नगरजवळ सावेडीत पत्र्याची शेड टाकून बसलेले गृहस्थ. सावेडीत तेव्हा बंगले थोडे आणि बाजरीची रानं जास्त. मी मॅट्रिक झालेली, विशीतली, नगरला मामांकडे राहायची आणि रोज चालत शेडवर जायची. बाकी माणूसच नव्हतं. हिशेब, झाडलोट, मशीन चालवणं, सगळं माझ्याकडे. चहा मात्र सर करायचे, कारण माझ्या हातचा चहा त्यांना आवडत नसे. मला वाईट वाटायचं नाही. आयता चहा कोणाला नको असतो?

शेडमध्ये एकच मोठं मशीन होतं, अल्ट्रासोनिक. त्याला वरून खाली निमुळती होत गेलेली एक धातूची सोंड होती आणि सोंडेच्या टोकाला हवा त्या आकाराचा लोखंडी ठसा आटे फिरवून बसवायचा. वीज दिली की सोंड सेकंदाला वीस हजार वेळा थरथरायची. डोळ्यांना काही दिसत नसे. ठशाखाली दगड ठेवायचा, कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, बारीक पूड पाण्यात कालवून मध्ये सोडत राहायची, आणि ती पूडच दगडाला कण कण खात जायची. ठसा गोल असेल तर खळगा गोल, चौकोनी असेल तर चौकोनी. घण नाही, छिन्नी नाही. तव्यावर भाकरी टाकली की कडेनं चरचर होते तेवढाच आवाज. या मशीनवर आम्ही काचेला आणि चिनीमातीला भोकं पाडून द्यायचो. ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. त्या वर्षी सरांच्या डोक्यात आलं की आपल्याकडचा काळा दगड कोरून त्याची डबी करायची आणि तिच्यात मनगटी घड्याळ बसवायचं.

पहिली डबी तडकली. दुसरी तडकली. आठवी हातात घेतली तर तिचे दोन तुकडे झाले आणि मी ते सरांच्या टेबलावर आपटले.

खरं सांगायचं तर मला दगडाचं सगळं ठाऊक असायला हवं होतं. पारनेरकडच्या आमच्या गावी आमचं घर पाथरवटांचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घडवलेलं जातं नाही असं घर आसपासच्या गावांत शोधावं लागलं असतं. पण मी शिकले आणि नगरला आले, आणि दगड विसरले. आबांना माझ्या नोकरीचं कौतुक नव्हतं. "आवाज न करता दगड कापतंय म्हन," ते गावात सांगत फिरायचे, "आमची पोर उंदरासंगं कामाला हाय." दोन वर्षांत ते एकदाही शेडवर आले नव्हते. मला त्याचा राग यायचा, आणि वाईट त्याहून जास्त वाटायचं.

तरी शेवटी गेले त्यांच्याकडेच. त्यांनी माझे तुकडे पाहिले आणि हसले. मग अंगणातली दगडाची एक पातळ चीप उचलून तीन बोटांवर तोलली आणि नखानं टिचकी मारली. खणकन वाजली. दुसरी उचलली, टिचकी मारली, भद्द. "ही आतनं तडकल्याली हाय. वरनं दिसायची न्हाई. तुमी समद्या असल्याच घेतल्याव." त्यांनी मला चांगल्या डझनभर चिपा निवडून दिल्या. त्या दिवसापासून आमच्या डब्या तडकायच्या थांबल्या. सर तर नंतर कपबशीलाही टिचक्या मारून बघायचे.

एवढ्यात सरांच्या मेहुण्यांचं पत्र आलं. ते सरांच्या बायकोचे थोरले भाऊ, पुण्यात त्यांचा काचेचा कारखाना. मशीन मुळात त्यांचं. त्यांनी ते सरांना वापरायला दिलं होतं, आणि आता त्यांना ते परत हवं होतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: तोवर एक तरी दगडी घड्याळ धड करून चालवून दाखवलंत तर मशीन तुमच्याकडेच राहू दे.

मशीन गेलं असतं तर शेड बंद, आणि मी गावाकडे. कोणी मारलं नसतं, उपाशी ठेवलं नसतं. पण मला ते मशीन आवडायचं. सकाळी बटण दाबल्यावर ठशाखालचं पाणी शहारायचं ना, ते बघितलं की माझा दिवस चांगला जायचा. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. हसले असते.

काम झपाट्यानं चाललं होतं. एक डबी घासून गोल झाली होती, आता आतला खळगा आणि पट्ट्यासाठी व किल्लीसाठी भोकं राहिली होती. मध्ये खंडेनवमी आली. सर देवाधर्मातले नव्हते, पण हत्यारांची पूजा मी केल्याशिवाय राहणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी पाट मांडला. हातोडी, पाने, कानशी ओळीनं ठेवल्या. आमच्या घरी खंडेनवमीला एकूण एक हत्यार पाटावर येतं, मागे राहिलेलं रुसतं म्हणतात. म्हणून मी सोंडेचा ठसाही आटे फिरवून काढला, धुतला, पाटावर मांडला आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं त्याला पोटावर आणि पाठीवर लावली. हे कुंकू पुसायचं नसतं. हत्यारावरचं कुंकू कामानंच उडू द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठसा तसाच परत सोंडेला लावला, आटे घट्ट फिरवले आणि बटण दाबलं.

काही होईना. मशीन चालू, दिवा चालू, पण पाणी गप्प. अर्धा तास दाबून धरलं तरी दगडावर ओरखडा नाही. ठसा मात्र हात लावला तर कोमट लागायचा.

सरांनी मागचं झाकण उघडलं. आतले काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह बदलले, तारा तपासल्या, मीटर लावला. आकडे सगळे बरोबर. दोन दिवस हेच चाललं. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहून सांगत होते की तुमच्या त्या जुन्या व्हॉल्व्हनीच घात केलाय, मी केव्हापासून म्हणत होते. सर बिचारे खाली मान घालून पुन्हा तारा तपासत होते. शुक्रवारी दुपारी ते म्हणाले, "आता नेऊ दे त्यांना. तू घरी जाऊन ये." त्यांनी चहाही केला नाही.

मी एस.टी.नं गावी गेले. आबा ओट्यावर एका जात्याला टाकी लावत होते. मी सगळं एका दमात सांगितलं आणि वर म्हटलं, "आता हसा. तुमचा उंदीर मेला."

आबा हसले नाहीत. टाकी खाली ठेवली. "आवाज कसा हुता?"

"आवाजच न्हाई. तेच तर सांगतेय."

"आधी हुता न्हवं? मंग गेला कुठं?" त्यांनी पटका झटकला. "सकाळच्या गाडीनं येतो. बघू दे मला."

शनिवारी सकाळी आबा पहिल्यांदा आमच्या शेडमध्ये आले. चपला बाहेर काढल्या, मशीनला नमस्कार केला आणि सभोवार फिरून बघितलं. सर त्यांना वीज, कंपनं, वगैरे समजावू लागले. आबांनी मान डोलावली. ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मग म्हणाले, "बंद करा." मी बटण बंद केलं. त्यांनी सोंडेला नखानं टिचकी मारली. लांबवर घुमत गेलेला आवाज आला. मग ठशाला मारली.

भद्द.

त्यांनी पुन्हा मारली. सरही पुढे वाकले. सोंडेला टिचकी, ठशाला टिचकी. शाळेतल्या पोरालाही कळला असता एवढा फरक.

"डोस्कं बसलं न्हाई ह्याचं," आबा म्हणाले. "दांड्यात हातोडा हलका बसला का असाच वाजतो. घाव मदीच मरतो, दगडापतूर जात न्हाई. काढ गं ते."

मी ठसा फिरवून काढला. त्याच्या पाठीवर, जिथं तो सोंडेला टेकतो तिथं, हळदीकुंकवाची लालपिवळी वाळलेली चकती चिकटली होती. तिच्या कडेला माझ्याच बोटाच्या रेषा अजून ओळखू येत होत्या.

सरांना क्षणात कळलं. दोन धातू एकमेकांना अंगोअंग टेकल्याशिवाय थरथर पुढे जात नाही, मधला तो पापुद्रा ती खात होता, म्हणून ठसा तापत होता. हे सगळं ते बोलत होते आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दोन दिवस मी त्या माणसाला त्याच्या व्हॉल्व्हवरून बोलत होते! मी रडायला लागले. सर मात्र हसायला लागले. हसता हसता त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि खुर्चीत बसले. "सगळं तपासलं," ते म्हणत होते, "पण कुंकू तपासायचं मीटर कुठं मिळतं?"

आता ते पुसायचं कसं? मी ठसा हातात घेऊन तशीच उभी. रीत मोडायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि सर पुढे आले असते तर मी त्यांना हात लावू दिला नसता, हेही खरं. आबांनी ठसा माझ्या हातून घेतला. अंगठ्याच्या नखानं ती चकती खरवडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

"कामासाठीच उडवलं की," ते म्हणाले. "त्याला कळतंय. लाव आता."

ठशाची पाठ मी रॉकेलनं लख्ख पुसली, आटे आवळले, बटण दाबलं. पाणी शहारलं आणि चरचर सुरू झाली. मी एवढी खूश झाले की आबांच्या पटक्यावर कुरुंदाचं पाणी उडालं तरी मला दिसलं नाही. आबा खाली बसले, दगडाशी कान नेला आणि बराच वेळ तसेच राहिले. "व्हय," ते म्हणाले, "आवाज हाय. बारका हाय, पर हाय." मग दिवसभर ते पूड-पाणी सोडत बसले आणि मी जरा जास्त दाब दिला की माझ्या हातावर चापट मारत राहिले.

संध्याकाळपर्यंत खळगा झाला. रविवारी सकाळी पट्ट्याची भोकं आणि किल्लीसाठी एक बारीक भोक. आत बसवायला घड्याळ हवं होतं. सरांनी स्वतःच्या मनगटावरचं काढलं, उघडलं आणि त्याचं आतलं यंत्र तबकडीसकट आमच्या डबीत बसवलं. वर काच चिकटवली. काळ्याभोर दगडात पांढरी तबकडी. मी किल्ली दिली आणि काटा पळू लागला.

मेहुणे दुपारी टेम्पो घेऊन आले. जाडजूड माणूस, दोरखंडही बरोबर आणला होता. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, उलटंसुलटं केलं. मग तबकडीकडे निरखून बघत राहिले.

"हे मी लग्नात दिलेलं घड्याळ आहे," ते म्हणाले.

"होतं," सर म्हणाले.

मेहुण्यांनी सरांकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं. नंतर एकदम गडगडून हसले. "माझ्या घड्याळापेक्षा बरं दिसतंय. पण आज चाललं याला अर्थ नाही. बाई, हे तुम्ही घाला. धुणंभांडी, दळण, सगळं हे घालून करा. दिवाळीत मी येतो. तोवर तडकलं नाही तर मशीन कायमचं तुमचं." दोरखंड त्यांनी टेम्पोत परत टाकला. सरांनी त्या दिवशी दोनदा चहा केला.

टेम्पो गेल्यावर आबा चपला घालताना म्हणाले, "त्या चिपा कोन निवडतं हितं?"

"मीच," मी म्हटलं.

"तरीच." त्यांनी पटका नीट केला. "उद्या किती वाजता उघडता तुमी?"

"आठला."

ते मामांकडे राहिले. दुसऱ्या दिवशी मी उठले तर त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. मी धावतपळत शेडवर गेले. आबा पायरीवर बसले होते, शेजारी छिन्न्यांची पिशवी, आणि कुठून तरी गोळा केलेले चार दगड समोर मांडलेले.

"लई उशीर केलास," ते म्हणाले.

मी मनगटावरच्या दगडी घड्याळात पाहिलं. सात वाजायला वीस मिनिटं होती.

"झाला खरा, आबा," म्हटलं आणि कुलूप काढलं.