पांढऱ्या पायाची

आमच्या वडगावच्या विणकरांच्या गल्लीत माणसांना नावं ठेवायची भारी हौस. एका डोळ्यानं अधू असला की काण्या, बोलताना अडखळला की बोबड्या, आणि वर म्हणायचं, "मायेनंच म्हणतोय की रं!" कसली डोंबलाची माया! मीही त्याच गल्लीतली, माझीही जीभ तशीच तिखट. ती कुणावर चालली ते सांगते.

माझ्या भावाचं, अण्णाचं, लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची. वैनी घरात येऊन नऊ दिवस झाले नव्हते तोवर गल्लीत उंदीर मरून पडायला लागले. प्लेगच तो. सगळा गाव घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिला. आमचे वडील, आप्पा, त्या झोपडीतच प्लेगानं गेले. त्या साली घरटी एक माणूस गेलं होतं, पण शेजारच्या म्हातारीला दिसली ती आमचीच सून. "पांढऱ्या पायाची हाय गं पोर," ती आईला म्हणाली. आईनं ते गाठीला बांधलं. दुःखाचं खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं, ते तिला घरातच मिळालं.

गाव परत घरी आला, माग सुरू झाले. आमच्याकडं सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीभर ताणा पसरून त्याला खळ लावतात. लुगड्याचे उभे धागे ते, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या वेळी धागा तुटला तर अपशकुन. आईनं ठरवलं, ताणा पसरताना सुनेनं बाहेर दिसायचं नाही. ते सांगायचं काम माझ्याकडं. मी पुढं पळत येऊन ओरडायची, "वैनी, आत जा, ताणा आलाय!" मला त्यात केवढा मान वाटायचा! अख्ख्या गल्लीत तिच्याइतक्या घट्ट, सारख्या आडव्या सुताच्या कांड्या कुणी भरत नव्हतं. तिच्याच कांड्या पोटात घेऊन अण्णाचा धोटा मागावर इकडून तिकडं पळायचा, पण नव्या लुगड्याची पहिली कांडी तेवढी तिच्या हातची घ्यायची नाही. धागे तरीही तुटायचेच. धागाच तो, तुटणारच. मग आई म्हणायची, खिडकीतून बघितलं असंल तिनं.

अण्णा भला माणूस. "लोकांचं काय मनावर घेतीस," असं तिला चुलीपाशी हळूच म्हणायचा. आईसमोर मात्र चकार शब्द नाही. असलं पुटपुटलेलं भलेपण कुणाच्या उपयोगाचं, सांगा बघू!

पुढं मला निपाणीचं स्थळ आलं. बघून गेले आणि नकार कळवला. मी रडून रडून लाल झाले आणि ताट घेऊन आलेल्या वैनीवर उसळले, "तुझ्याच पांढऱ्या पायानं मोडलं माझं लगीन!" तोवर घरात हा शब्द तिच्या माघारी चालायचा. तोंडावर म्हणणारी मी पहिली. तिनं ताट खाली ठेवलं. "व्हय वन्सं," म्हणाली, एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर माझी तरी खोड मोडली असती.

त्या दिवसापासून तिला काही सांगावं लागलं नाही. कुणाचं बारसं असो, मागाची पूजा असो, ती आपणहून मागच्या परड्यात जाऊन बसायची. तिला ते पटलं होतं. पुढच्या वर्षी माझं लग्न दुसरीकडं ठरलं, तेव्हा अक्षता टाकायलाही ती मांडवात आली नाही. मीही बोलवायला गेले नाही.

लग्नाला चार वर्षं झाली असतील, सांगावा आला की अण्णा तापानं फणफणलाय. मी धावत माहेरी आले. अण्णा आतल्या खोलीत, आणि वैनी खोलीच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसलेली. काढा उकळायची, भांडं उंबऱ्यावरून आत सरकवायची, हात मागं घ्यायची. आत पाऊल नाही. अण्णा सारखा म्हणत होता, "तिला बोलवा. एकडाव बसू दे माझ्यापाशी." शेवटी आई, तीच आई, बाहेर येऊन म्हणाली, "जा गं बाई, बोलवतोय त्यो." वैनीनं मान हलवली. "नको आत्याबाई. माझ्या पायानं आप्पा गेले. ह्यांना तरी ऱ्हाऊ द्या."

तेव्हा मी तिचा हात धरून तिला आत ओढायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अगं खोटं हाय ते सगळं, मी रागाच्या भरात बोलले, माझ्या जिभेला हाड न्हाय. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण खरं सांगू? मीही भ्याले. ही आत गेली आणि अण्णाचं बरंवाईट झालं तर? मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि एकटीच आत गेले. दुपारी अण्णा गेला. दाराकडं बघत गेला.

गल्लीनं लगेच नवं नाव ठेवलं. "नवरा हाका मारीत मेला, पर ही जागची उठली न्हाय. दगड हाय दगड!" त्याच बायका, तीच तोंडं. कुणाकुणाचं तोंड धरू? आधी माझंच धरायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायका उठून गेल्यावर वैनी माझ्याजवळ सरकून बसली. डोळे कोरडे ठाक. मला वाटलं, आता शिव्या देणार. मनात म्हटलं, देऊ दे, पोटभर देऊ दे. पण ती हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, मी तर आत पाऊल टाकलं न्हाय. एकदाबी न्हाय. मग हे गेले कसे?"

टोचून बोलत नव्हती ती. खरंच विचारत होती.